विश्लेषण : जुनी मसल कार मूळ रूपात आणायची की बदलायची? जॉन डीलोरियन यांच्या आयुष्यात सापडते उत्तर

साठ वर्षांची एखादी अमेरिकन मसल कार गॅरेजमध्ये धूळ खात उभी असते. इंजिन फिरते, पण दाराखालचा पत्रा गंजलेला असतो, ब्रेक उशिरा लागतात आणि सीट उसवलेल्या असतात. मालकापुढे दोन वाटा असतात. गाडी कारखान्यातून बाहेर पडली तशी पुन्हा उभी करायची, म्हणजे रिस्टोअर करायची. किंवा जुन्या अंगात नवे इंजिन, नवे ब्रेक, नवा गिअरबॉक्स घालून ती आजच्या रस्त्याला साजेशी करायची, म्हणजे मॉडिफाय करायची. अमेरिकेत जुन्या गाड्यांचे शौकीन या प्रश्नावर अनेक वर्षे हमरीतुमरीवर येत आहेत.

गंमत अशी, की मसल कार हा प्रकारच मुळात एका ‘मॉडिफिकेशन’मधून जन्माला आला. ते ज्या अभियंत्याच्या नावावर जमा आहे, त्याचे नाव जॉन झकरी डीलोरियन. ‘बॅक टू द फ्युचर’ चित्रपटातल्या पंखासारख्या दारांच्या गाडीमुळे हे आडनाव जगाला माहीत झाले. पण त्याच्या कितीतरी वर्षे आधीच डीलोरियन यांनी अमेरिकेच्या रस्त्यांवर वेगळी गाडी आणली होती. जुन्या गाडीचे काय करायचे, हे ठरवताना त्यांचे आयुष्य समजून घेणे उपयोगाचे ठरते.

मसल कार म्हणजे नेमके काय?

मोठे आणि ताकदवान इंजिन असलेल्या गाड्या अमेरिकेत १९४०च्या दशकाअखेरीपासूनच होत्या. पण त्यातल्या बऱ्याच महाग किंवा आकाराने मोठ्या होत्या. मसल कारचे सूत्र वेगळे होते. मधल्या आकाराची, दोन दारांची, तुलनेने हलकी आणि साधी गाडी घ्यायची. तिच्यात मोठ्या गाडीचे व्ही-८ इंजिन बसवायचे. आणि किंमत अशी ठेवायची, की पंचविशीतला नोकरदार तरुण हप्त्यावर ती घेऊ शकेल.

म्हणजे नवे काही शोधून काढायचे नव्हते. कंपनीच्याच कपाटातले दोन सुटे तुकडे एकत्र आणायचे होते. १९६४ची पॉन्टियाक जीटीओ ही या सूत्राची पहिली मोठी यशस्वी गाडी मानली जाते.

डीलोरियन कोण होते?

जॉन डीलोरियन यांचा जन्म ६ जानेवारी १९२५ रोजी डेट्रॉइटमध्ये झाला. वडील रुमानियातून आलेले स्थलांतरित. ते फोर्डच्या फाउंड्रीत काम करत. आईही कारखान्यात कामाला जाई. घरात पैशांची ओढाताण होती, आणि आईवडिलांचे पुढे पटले नाही.

मुलगा मात्र अभ्यासात हुशार निघाला. डेट्रॉइटच्या नावाजलेल्या कॅस टेक्निकल हायस्कूलमध्ये शिकून त्याने लॉरेन्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत प्रवेश मिळवला. मध्ये दुसऱ्या महायुद्धामुळे लष्करात जावे लागले. परत येऊन पदवी पूर्ण केली. काही काळ आयुर्विमा विकला. मग क्रायस्लर कंपनीच्या संस्थेतून ऑटोमोबाइल अभियांत्रिकीतली पदव्युत्तर पदवी घेतली. पुढे नोकरी सांभाळून रात्रीच्या वर्गांतून व्यवस्थापनाची पदवीही मिळवली.

पहिले महत्त्वाचे काम पॅकार्ड कंपनीत मिळाले. तिथे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स सुधारण्याचे काम त्यांच्याकडे होते. दुसऱ्याने केलेली रचना तपासायची, तिच्यातले दुबळे दुवे शोधायचे आणि आहे त्याच चौकटीत ती अधिक चांगली करायची, हा त्यांच्या कामाचा पिंड इथेच घडला. पॅकार्ड आर्थिक अडचणीत होती. १९५६ मध्ये ते जनरल मोटर्सच्या पॉन्टियाक विभागात दाखल झाले.

पॉन्टियाकला तेव्हा काय हवे होते?

पॉन्टियाक तेव्हा निवृत्तीकडे झुकलेल्या माणसांची गाडी समजली जाई. विभागप्रमुख बंकी नुडसन यांना ही प्रतिमा पुसायची होती. त्यांनी पीट एस्टेस यांना मुख्य अभियंता केले आणि एस्टेस यांच्या हाताखाली डीलोरियन आले. शर्यतीच्या मैदानावर पॉन्टियाक जिंकू लागली आणि शोरूममध्ये तरुण दिसू लागले. १९६१ मध्ये एस्टेस विभागप्रमुख झाले आणि छत्तिसाव्या वर्षी डीलोरियन मुख्य अभियंता.

पण १९६३च्या सुरुवातीला जनरल मोटर्सच्या वरिष्ठांनी सर्व विभागांना शर्यतींमधून अंग काढून घ्यायला सांगितले. पॉन्टियाकची सारी जाहिरात शर्यतीवर उभी होती. पायाखालची जमीनच सरकली. मैदानावरचा वेग बंद झाला, तर तो रस्त्यावरच्या गाडीत कसा आणायचा, हा प्रश्न डीलोरियन यांच्या चमूपुढे उभा राहिला.

जीटीओचा जन्म कसा झाला?

मिलफर्ड इथल्या चाचणी मैदानावर पॉन्टियाकचे अभियंते शनिवारी जमत आणि नव्या कल्पनांवर बोलत. तिथे मधल्या आकाराची १९६४ची टेम्पेस्ट तयार होत होती. तिच्यात ३२६ क्यूबिक इंचांचे, म्हणजे सुमारे ५.३ लिटरचे व्ही-८ इंजिन होते. बिल कॉलिन्स या अभियंत्याने एक साधी गोष्ट लक्षात आणून दिली. पॉन्टियाकच्या मोठ्या गाड्यांतले ३८९ क्यूबिक इंचांचे, सुमारे ६.४ लिटरचे इंजिन बाहेरून याच मापाचे आहे.

हे कसे शक्य होते? दोन्ही इंजिनांत पिस्टनची वर-खाली होणारी चाल सारखीच होती. फरक होता तो सिलिंडरच्या व्यासाचा. ब्लॉकची बाहेरची मापे आणि गाडीच्या सांगाड्यावर इंजिन बसवायच्या जागा त्याच. म्हणजे छोटे इंजिन काढून मोठे बसवायला गाडी कापावी लागत नव्हती. डीलोरियन यांनी कॉलिन्स आणि इंजिनतज्ज्ञ रस गी यांच्यासह तसा नमुना तयार करून घेतला. गाडी एकदम वेगळीच वागू लागली.

अडचण यंत्राची नव्हती, नियमाची होती. मधल्या आकाराच्या गाडीत ३३० क्यूबिक इंचांपेक्षा मोठे इंजिन घालायचे नाही, असे जनरल मोटर्सचे धोरण होते. नवे मॉडेल आणायचे तर वरच्या समितीची मंजुरी लागणार आणि ती मिळणार नाही हे उघड होते. पण गाडीवरच्या जादा सामानाच्या पॅकेजला, म्हणजे ‘ऑप्शन’ला, ती मंजुरी लागत नसे. डीलोरियन यांनी हीच फट वापरली. जीटीओ हे स्वतंत्र मॉडेल न ठेवता टेम्पेस्ट ले मान्सवर सुमारे २९५ डॉलरला मिळणारे पॅकेज म्हणून आणले. एस्टेस यांनी जोखीम पत्करून होकार दिला.

विक्री विभागाला विश्वास नव्हता. सुरुवातीला ५,००० गाड्यांचाच अंदाज धरला गेला. १९६४च्या हंगामात प्रत्यक्षात ३२,४५० जीटीओ विकल्या गेल्या. १९६५ मध्ये ७५,३५२ आणि १९६६ मध्ये ९६,९४६. यशापुढे धोरणही वाकले. मधल्या आकाराच्या गाड्यांसाठीची मर्यादा ४०० क्यूबिक इंचांपर्यंत वाढली आणि जनरल मोटर्सचे इतर विभागही या स्पर्धेत उतरले. १९६५ मध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, डीलोरियन पॉन्टियाकचे प्रमुख झाले. जनरल मोटर्सच्या गाड्यांच्या विभागाचा इतका तरुण प्रमुख आधी झाला नव्हता.

गाजलेल्या चाचणीत कोणती गाडी होती?

जीटीओ हे नाव फेरारीच्या शर्यतीच्या गाडीवरून उचललेले होते. त्यामुळे जाणकार नाराज झाले. मार्च १९६४ मध्ये ‘कार अँड ड्रायव्हर’ मासिकाने पॉन्टियाक जीटीओला थेट फेरारी जीटीओच्या शेजारी बसवून लेख छापला आणि एकच खळबळ उडाली.

या चाचणीसाठी पुरवलेली एक पॉन्टियाक साधी नव्हती. तिच्यात ३८९ ऐवजी ४२१ क्यूबिक इंचांचे, सुमारे ६.९ लिटरचे इंजिन गुपचूप बसवलेले होते. पॉन्टियाकच्या जाहिरातीची धुरा वाहणारे जिम वँगर्स यांनी अनेक वर्षांनी ते उघड केले. बाहेरून दोन्ही इंजिने सारखी दिसत असल्याने कोणाला पत्ता लागला नाही.

गाडी मिशिगनमधल्या रॉयल पॉन्टियाक या विक्रेत्याकडे तयार झाली होती. हा विक्रेता ‘बॉबकॅट’ नावाचा संच बसवून देई. त्यात पातळ हेड गॅस्केट, कार्ब्युरेटरचे वेगळे जेट आणि डिस्ट्रिब्युटरची जुळणी असे. म्हणजे नवी कोरी जीटीओ शोरूममधून घरी जाण्याआधीच मॉडिफाय होत होती.

असे करणारा रॉयल हा एकटाच नव्हता. पेनसिल्वेनियातल्या कॅनन्सबर्गचे शेव्हरोले विक्रेते डॉन येन्को हे १९६७ पासून कॅमॅरो गाडीत ४२७ क्यूबिक इंचांचे इंजिन बसवून विकत. आज अशा येन्को कॅमॅरो मिळवण्यासाठी संग्राहकांची चढाओढ असते, आणि त्या रिस्टोअर करताना येन्को यांनी केलेले बदल जसेच्या तसे परत आणले जातात.

मग मूळ गाडी कशाला म्हणायचे?

मूळ गाडी म्हणजे बदल न झालेली गाडी, ही समजूत मसल कारला लागू पडत नाही. इथे मूळ याचा अर्थ असा, की ठरावीक दिवशी, ठरावीक कारखान्यात किंवा विक्रेत्याकडे, कोणीतरी घेतलेल्या निर्णयाचा पुरावा त्या गाडीत शिल्लक आहे. त्यामुळे रिस्टोअर की मॉडिफाय, या प्रश्नाआधी एक प्रश्न येतो : समोरची गाडी खरोखर कोणती आहे?

जीटीओच्या बाबतीत हा प्रश्न डीलोरियन यांनी वापरलेल्या त्या फटीमुळेच अवघड झाला. १९६४ आणि १९६५ मध्ये जीटीओ हे पॅकेज होते, मॉडेल नव्हते. त्यामुळे त्या वर्षांच्या वाहन क्रमांकावरून गाडी जीटीओ आहे की साधी ले मान्स, हे कळत नाही. १९६६ मध्ये जीटीओ स्वतंत्र मालिका झाली आणि वाहन क्रमांक २४२ या आकड्यांनी सुरू होऊ लागला. साध्या ले मान्सवर जीटीओची चिन्हे, बॉनेटवरची हवेची खोबण आणि ३८९ इंजिन चढवून ती खरी म्हणून खपवणे म्हणूनच सोपे ठरले. अशा गाडीला बाजारात ‘क्लोन’ म्हणतात.

यावर उपाय कागदांचा आहे. पॉन्टियाक हिस्टॉरिक सर्व्हिसेस ही संस्था जनरल मोटर्सच्या जुन्या बिलांच्या नोंदींच्या प्रती मालकांना देते. गाडीवर कारखान्याने कोणती पॅकेजे चढवली होती, ते त्यावरून समजते. इंजिन ब्लॉकवर ठोकलेली अक्षरे आणि आकडेही तपासावे लागतात. १९६८ पासून इंजिनावर वाहन क्रमांकाचा भागही ठोकला जाऊ लागला, त्यामुळे पुढच्या गाड्यांत पडताळणी तुलनेने सोपी आहे. अर्थात आकडे घासून नवे ठोकणारेही आहेत. म्हणून फक्त आकड्यांवर विसंबता येत नाही.

कागद खरे, इंजिन मूळचे आणि पत्रा बऱ्यापैकी शाबूत असेल, तर ती गाडी पुरावा आहे. ती कापणे म्हणजे सातबारा फाडण्यासारखे आहे. उलट कागदावर गाडी साधी ले मान्स निघाली, मूळ इंजिन पन्नास वर्षांपूर्वी फुटून भंगारात गेले असेल, तर तिला मूळ रूपात आणण्याचा आग्रह धरून हाती फारसे लागत नाही. तिच्यावर मनासारखे प्रयोग करायला हरकत नाही.

कोणते बदल परत फिरवता येतात?

रिस्टोअर आणि मॉडिफाय अशी दोनच टोके नसतात. अभियांत्रिकीच्या नजरेने पाहिले तर खरी रेषा वेगळीच आहे. बोल्टने बसवलेला बदल उद्या काढता येतो. कापून, भोके पाडून, वेल्डिंग करून केलेला बदल काढता येत नाही.

ब्रेकचे उदाहरण घ्या. १९६४च्या जीटीओला चारही चाकांना ड्रम ब्रेक होते. गाडीची ताकद पाहता ते अपुरे पडत, आणि तापल्यावर आणखी सुस्त होत. शिवाय ब्रेक तेलाचा मास्टर सिलिंडर एकाच कप्प्याचा होता. कुठेही गळती झाली की चारही चाकांचे ब्रेक एकदम जात. दोन कप्प्यांचा मास्टर सिलिंडर अमेरिकेत १९६७च्या मॉडेलपासून आला. आज ही गाडी रोज रस्त्यावर काढायची असेल, तर दोन कप्प्यांचा मास्टर सिलिंडर आणि पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक बसवणे हा शहाणपणा आहे. हे सारे बोल्टवर बसते. जुने भाग खोक्यात घालून, चिठ्ठी लावून ठेवले की झाले.

टायरचेही तसेच. मूळ टायर लाल पट्टीचे, बायस-प्लाय प्रकारचे होते. आजचे रेडियल टायर रस्ता कितीतरी चांगला पकडतात. प्रदर्शनासाठी जुन्या पद्धतीच्या टायरचा एक संच वेगळा ठेवता येतो. इलेक्ट्रॉनिक इग्निशन डिस्ट्रिब्युटरच्या आत लपवता येते. सीट बेल्टही मूळ बोल्टच्या जागा वापरून सुधारता येतात.

इंजिन उघडलेच असेल, तर व्हॉल्व्हच्या बैठका कडक धातूच्या घालून घेणे बरे. त्या काळच्या पेट्रोलमधले शिसे या बैठकांचे झिजण्यापासून रक्षण करत असे. ते आता मिळत नाही. हा बदल परत फिरवता येत नाही, पण तो डोळ्यांना दिसत नाही आणि इंजिन वाचवतो.

पाच किंवा सहा गिअरचा नवा गिअरबॉक्स मात्र विचार करायला लावतो. महामार्गावर इंजिन शांत चालते, पेट्रोल वाचते. पण काही गिअरबॉक्स बसवताना गाडीच्या मजल्यावरचा उंचवटा कापावा लागतो. कापायच्या आधी थांबण्याची जागा हीच. न कापता बसणारा पर्याय मिळतो का, हे आधी शोधावे.

एक खर्च मात्र दोन्ही वाटांवर सारखाच असतो. तो म्हणजे गंज. सांगाडा, मजला, डिकीचा तळ आणि दाराखालचा पत्रा खाल्लेला असेल, तर रिस्टोअर करा की मॉडिफाय, आधी तिथेच पैसे आणि महिने जातात. पुष्कळ अर्धवट राहिलेले प्रकल्प इंजिनामुळे अडलेले नसतात, पत्र्यामुळे अडलेले असतात.

आणखी एक सापळा आहे. रिस्टोअर करताना गाडी मूळपेक्षा जास्त देखणी करण्याचा मोह होतो. साठच्या दशकातला कारखान्याचा रंग आजच्या रंगाइतका काचेसारखा चमकत नव्हता. दारांच्या फटी सगळीकडे सारख्या नसत. जाणकार परीक्षक आता कारखान्यातल्या घाईच्या खुणाही मूळपणाचा भाग मानतात. म्हणूनच कधीच न उघडलेली, जुन्याच रंगातली, थोडी ओरखडलेली गाडी कित्येकदा झगमगीत रिस्टोअर केलेल्या गाडीपेक्षा जास्त मोलाची ठरते.

मसल कारचा काळ कसा ओसरला?

पॉन्टियाकचे प्रमुख असताना डीलोरियन यांना दोन आसनांची छोटी स्पोर्ट्‌स कार आणायची होती. ती कॉर्व्हेटच्या मुळावर येईल म्हणून वरिष्ठांनी नकार दिला. त्याऐवजी शेव्हरोलेच्या कॅमॅरोवर आधारलेली फायरबर्ड १९६७ मध्ये आली. म्हणजे पुन्हा दुसऱ्याच्या गाडीवर आपला हात फिरवणे आले. १९६९ मध्ये जीटीओ जज आली. स्वस्त आणि साधी गाडी म्हणून सुरू झालेल्या या कल्पनेला डीलोरियन यांनी भडक रंग, पट्टे आणि मागच्या पंखाची जोड देऊन मानाची गाडी केले. नाव टीव्हीवरच्या एका गाजलेल्या विनोदी कार्यक्रमातून घेतले होते. त्या वर्षी ६,८३३ जज तयार झाल्या. हेही पॅकेजच होते, त्यामुळे बनावट जज ही आजच्या खरेदीदाराची डोकेदुखी आहे.

१९६९ मध्येच डीलोरियन शेव्हरोलेचे प्रमुख झाले आणि १९७२ मध्ये जनरल मोटर्सच्या सर्व गाड्या व ट्रक विभागांचा कारभार त्यांच्याकडे आला. तोपर्यंत त्यांचे राहणीमान डेट्रॉइटच्या करड्या सुटांत उठून दिसू लागले होते. लांब केस, इटालियन पेहराव, चित्रपट तारकांची संगत. कंपनीच्या वरच्या मजल्यावर ते रुचत नव्हते. एप्रिल १९७३ मध्ये त्यांनी नोकरी सोडली.

मसल कारही याच सुमारास संपत आली. तरुण चालकांच्या विम्याचे हप्ते वाढले होते. १९७०च्या स्वच्छ हवा कायद्यामुळे धुराचे नियम कडक झाले. १९७१ पासून जनरल मोटर्सने कमी शिशाच्या पेट्रोलसाठी इंजिनांचा कम्प्रेशन रेशो उतरवला. १९७३च्या अखेरीस तेलसंकट आले. १९७४ची जीटीओ त्या काळातली शेवटची ठरली. त्या वर्षी ७,०५८ गाड्याच विकल्या गेल्या.

स्वतःची गाडी बनवताना काय घडले?

१९७५ मध्ये डीलोरियन यांनी स्वतःची मोटार कंपनी काढली. या वेळी दुसऱ्याच्या गाडीवर काम नव्हते. कोऱ्या कागदावर सुरुवात होती. आकार इटलीच्या जॉर्जेटो जुजारो यांनी दिला. जीटीओच्या वेळचे बिल कॉलिन्स पहिल्या नमुन्यांसाठी सोबत आले. न रंगवलेला स्टेनलेस स्टीलचा पत्रा आणि वर उघडणारी दारे ही गाडीची ओळख ठरली.

कारखान्यासाठी ब्रिटिश सरकारने पैसा दिला. अट एकच, तो उत्तर आयर्लंडमध्ये उभारायचा. बेलफास्टजवळचे डनमरी हे ठिकाण बेकारी आणि हिंसाचार या दोन्हींनी पोळलेले होते. १९७८च्या अखेरीस काम सुरू झाले. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट वस्त्यांमधले कामगार एकाच छपराखाली काम करू लागले. सुमारे २,५०० जणांना रोजगार मिळाला. त्यातल्या अनेकांनी याआधी गाडी कधी जोडली नव्हती.

गाडी उत्पादनायोग्य करण्याचे काम लोटस कंपनीकडे गेले आणि आतली रचना जवळपास सारी बदलली. सांगाडा लोटसच्या पद्धतीचा झाला. पेजो, रेनो आणि व्होल्वो यांनी मिळून बनवलेले व्ही-६ इंजिन मागच्या चाकांच्याही मागे गेले. अमेरिकेतल्या गाडीत त्याची ताकद १३० अश्वशक्ती होती. सतरा वर्षांपूर्वीच्या साध्या जीटीओची कागदावरची ताकद ३२५ होती. मोजण्याची पद्धत मधल्या काळात बदलली असली, तरी फरक चालकाला जाणवण्याइतका होता. किंमत मात्र सुमारे २५,००० डॉलर.

जानेवारी १९८१ मध्ये पहिली डीएमसी-१२ बाहेर पडली. अमेरिकेत मंदी होती. गाड्या पडून राहू लागल्या. फेब्रुवारी १९८२ मध्ये कंपनीचा ताबा प्रशासकांकडे गेला. सुमारे ९,००० गाड्या तयार होऊन कारखाना बंद पडला. डनमरीतल्या कामगारांना पुन्हा बेकारीच्या रांगेत उभे राहावे लागले. या कहाणीत सर्वांत मोठी किंमत त्यांनी मोजली.

ऑक्टोबर १९८२ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये डीलोरियन यांना अमली पदार्थांच्या प्रकरणात अटक झाली. सरकारी यंत्रणेनेच त्यांना जाळ्यात ओढले, असा बचाव झाला आणि ऑगस्ट १९८४ मध्ये ज्युरीने त्यांना निर्दोष ठरवले. १९८६ मध्ये आर्थिक फसवणुकीच्या खटल्यातूनही ते सुटले. पण संसार मोडला होता, धनको मागे लागले होते. १९९९ मध्ये त्यांनी दिवाळखोरी जाहीर केली. १९ मार्च २००५ रोजी, ऐंशीव्या वर्षी, न्यू जर्सीत त्यांचे निधन झाले. मिशिगनमधल्या ट्रॉय इथे त्यांची कबर आहे. तिच्या दगडावर उघड्या दारांची डीएमसी-१२ कोरली आहे, जीटीओ नाही.

अपयशी गाडीला मोल कसे आले?

१९८५ मध्ये ‘बॅक टू द फ्युचर’ प्रदर्शित झाला आणि बंद पडलेल्या कंपनीची गाडी अजरामर झाली. शिल्लक राहिलेले सुटे भाग पुढे टेक्सासमधल्या एका कंपनीकडे गेले, त्यामुळे या गाड्या आजही दुरुस्त होतात. पण बाहेरच्या पत्र्याचे साचे विकले गेले होते. त्यातल्या काहींचा शेवट आयर्लंडच्या किनाऱ्यावर मत्स्यशेतीच्या जाळ्यांचे वजन म्हणून झाला. स्टेनलेसच्या पत्र्यावर पोक आला तर पुटी भरून रंग मारता येत नाही. पत्रा आतून ठोकून सरळ करावा लागतो आणि वरचे रेषांचे पोत हाताने पुन्हा जुळवावे लागते.

इथे रिस्टोअर की मॉडिफाय हा प्रश्न वेगळे वळण घेतो. या गाडीचे १३० अश्वशक्तीचे इंजिन कोणालाच फारसे आवडले नव्हते. ते बदलणाऱ्यांना दोष देणे कठीण आहे. पण पत्र्यावर रंग चढवणे किंवा तो कापणे हे वेगळे आहे. तो पुन्हा सहजी मिळणार नाही. जीटीओत जपायची गोष्ट इंजिन आणि कागद आहेत. डीएमसी-१२ मध्ये ती पत्रा आणि दारे आहेत.

मग निर्णय कसा घ्यायचा?

पहिले पाऊल कागद. गाडी कोणती आहे हे कळेपर्यंत पाना हातात घेऊ नये. दुसरे पाऊल गंज. सांगाडा आणि मजला तपासून खर्चाचा अंदाज घ्यावा. तिसरे, गाडी कशासाठी हवी आहे ते स्वतःला स्पष्ट विचारावे. वर्षातून चार वेळा प्रदर्शनात न्यायची असेल तर एकाच कप्प्याचा ब्रेक सिलिंडर चालून जाईल. मुलांना मागे बसवून महामार्गावर जायचे असेल तर चालणार नाही. चौथे, जो बदल कराल तो आधी बोल्टने होतो का ते पाहावे, आणि काढलेला प्रत्येक भाग जपून ठेवावा. गाडी विकलीत तर ती खोकी पुढच्या मालकाला गाडीबरोबर द्यावीत.

भारतात ही रेषा कायद्यानेही ओढली आहे. २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार, पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांपेक्षा जुनी दुचाकी किंवा चारचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. पण ती मूळ स्वरूपात असावी लागते. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झाला असेल तर हा दर्जा मिळत नाही. म्हणजे आपल्याकडे जुन्या गाडीचे इंजिन बदलण्यापूर्वी मालकाने हा हिशेबही मांडायला हवा.

१९६३ मध्ये मिलफर्डच्या मैदानावर डीलोरियन यांच्या चमूने टेम्पेस्टचे इंजिन बदलले, तेव्हा त्यांनी जपण्यासारखे काही मोडले नव्हते. गाडी नवी होती, इंजिन त्याच जागेवर बसत होते आणि हवे तर दुपारपर्यंत जुने परत घालता आले असते. आज तीच गाडी हातात आली तर परिस्थिती उलटी आहे. नवे इंजिन कुठेही विकत मिळेल. १९६४चा तो ब्लॉक, त्यावरचे आकडे आणि त्याला जुळणारा कागद मात्र एकदाच मिळतो. कापणारी मशीन सुरू करण्याआधी एवढे तपासून घ्यावे. त्यानंतर गाडी बदलायची ठरवली, तर ती निर्धास्तपणे बदलावी.